लॅपटॉप उठतो आणि पडतो

"झाला! झाला! झाला!"

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून एवढ्या जोरात ओरडलो, की वरच्या गॅलरीतून कुणीतरी "मुलगा की मुलगी?" असं विचारलं. आमच्या घरात आता या वयात पाळणा हलायचा नाही हे साऱ्या इमारतीला माहीत आहे, तेव्हा हा सरळसरळ टोमणा होता. पण त्या क्षणी मी टोमण्यांच्या पलीकडे पोचलो होतो. समोर जेवणाच्या टेबलावर एक जुना लॅपटॉप उघडा होता आणि त्याच्या पडद्यावर 'स्वागत आहे' अशी अक्षरं उमटली होती. ते स्वागत माझ्या एकट्याच्या कर्तृत्वाने घडलेलं होतं.

लॅपटॉप वापरलेला घेतला होता. तो आला तो पहिल्या मालकाच्या सगळ्या संसारासकट. उघडला की एक मिशाळ गृहस्थ डोंगरावर उभे राहून आमच्याकडे संशयाने बघायचे. बायको म्हणाली, "या माणसासमोर बसून मी मुलाखत देणार नाही." मग मी ठरवलं, की आतलं सगळं पुसायचं आणि ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे त्या यंत्राचा जीवच, नव्याने घालायचा. लोक हे काम दुकानात देतात. मी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. मी पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. आमचा कॉम्प्युटर बंद पडला की दुरुस्तीवाला येतो, आणि तो काम करत असताना त्याच्या खुर्चीमागे उभं राहून "अच्छा, अच्छा" म्हणायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. एवढ्या अनुभवावर माणूस शस्त्रक्रियासुद्धा करील.

आता मुलाखतीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं होतं. शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेला मुद्रितशोधक हवा होता. छापण्याआधी पानं वाचून त्यांतल्या चुका काढायच्या. बायको लग्नाआधी हेच करायची. मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून तर ती घरात येणाऱ्या प्रत्येक कागदातल्या चुका काढत होती. औषधाचं वेष्टन, विजेच्या बिलाची मागची बाजू, माझा रजेचा अर्ज, काही सुटायचं नाही. तिने गुपचूप अर्ज केला आणि चक्क बोलावणं आलं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर. समोरची माणसं पडद्यावर पानं पाठवणार आणि हिने ती त्यांच्यादेखत दुरुस्त करायची. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं.

"तुम्हाला जमेल ना नक्की?" तिने विचारलं होतं. "नाहीतर मी दुसरीकडे काहीतरी बघते."

"मी आहे ना!" मी म्हणालो.

संसारात मी हे वाक्य पुष्कळदा म्हटलेलं आहे. ते खरं ठरल्याची उदाहरणं मात्र आठवावी लागतात. म्हणून 'स्वागत आहे' दिसल्यावर मला जो आनंद झाला, तो नुसता लॅपटॉपचा नव्हता.

तो आनंद मी घरात ठेवायला हवा होता. पण दूध आणायला खाली गेलो आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलो, "नवी सिस्टिम घातली. हो, मीच. घरीच. काही नाही हो, फार सोपं असतं." यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. संध्याकाळच्या आत तिघेजण लॅपटॉप बघायला हजर झाले.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे ऑडिटर. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर तो धंदा ते इमारतीत करतात. त्यांनी लॅपटॉपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "संरक्षण काय ठेवलंय?"

"संरक्षण?"

"अँटिव्हायरस हो! पहारेकरी! दार सताड उघडं टाकून झोपता काय तुम्ही?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःचा पहारेकरी आत बसवला. निळ्या कुलपाचं चित्र असलेला. वर त्याला पासवर्डही घातला. "कुणी काढू नये म्हणून."

"पण इथे कोण काढणार?"

"कुणीच नाही. पासवर्डच आहे ना!"

ते जातात न जातात तोच शेजारचे डॉक्टर आले. हे साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या देतात आणि रोग्याला बालपणापासूनचं सगळं विचारतात. त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवून "जरा उष्ण प्रकृती दिसते" असं निदान केलं. मग निळ्या कुलपाकडे बघून हसले. "हे ठीक आहे, पण हे वरवर दाबतं. मी देतो ते मुळाशी जातं. आणि सौम्य आहे, दुसऱ्याबरोबर घेतलं तरी चालतं." त्यांच्या पहारेकऱ्याच्या चित्रात हिरवं पान होतं.

शेवटी माझा मेहुणा आला. हा फोनच्या दुकानात विक्रीला असतो आणि जगातल्या प्रत्येक वस्तूची पुढची आवृत्ती कधी येणार हे त्याला ठाऊक असतं. "भावोजी, हे काय म्हाताऱ्यांचं सामान भरलंय? ताईची मुलाखत आहे, गंमत नाही!" असं म्हणून त्याने लाल ढालीचा तिसरा पहारेकरी नेमला.

तुम्ही विचाराल, मी 'नको' का म्हटलं नाही? इथेच तर माझं दुखणं आहे. मला तो शब्द उच्चारता येत नाही. न्हाव्याने "मिशी जरा बारीक करू?" असं विचारलं तेव्हा भिडेखातर मान हलवत राहिलो, आणि घरी आलो तेव्हा मिशी नव्हती. एकदा चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेत जाऊन बसलो. उठून जाणं बरं दिसेना म्हणून शेवटपर्यंत बसलो आणि आभार मानणाऱ्या समितीवर निवडूनही आलो. "भीड ही भिकेची बहीण," असं बायको मला अधूनमधून ऐकवते. मी त्यावरही मान हलवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला मोठ्या दिमाखाने टेबलाशी बसवलं आणि बटण दाबलं. 'स्वागत आहे' आलं. गोल गोल फिरणारे ठिपके आले. आणि एकदम सगळा पडदा निळा झाला! त्यावर एक आडवा पडलेला दुःखी चेहरा, आणि खाली, आम्हाला काहीतरी अडचण आली आहे, अशा अर्थाचा मजकूर. मग अंधार. मग आपोआप 'स्वागत आहे'. मग ठिपके. मग पुन्हा निळा पडदा आणि तोच चेहरा.

"हे काय?" बायको म्हणाली.

"सवय होतेय त्याला," मी म्हणालो.

त्याला सवय झाली ती पडायची. उठायचा, आम्हाला बघायचा आणि पडायचा. तो दुःखी चेहरा माझ्याकडेच बघतोय असं मला वाटायला लागलं. मी साहेबांना फोन करून रजा टाकली. कारण 'घरगुती आजार' असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. मेहुणा म्हणाला, तापतोय. त्याने लॅपटॉपखाली बाटल्यांची चार झाकणं लावली आणि टेबलफॅन बरोबर त्याच्या तोंडावर सोडला. परिणाम एवढाच झाला, की घरातले सगळे कागद उडाले आणि चेहरा वाऱ्यावर दुःखी झाला. ऑडिटर म्हणाले, दोष विजेचा आहे. ते टेस्टर घेऊन सबंध घर फिरले आणि घरात विश्वास ठेवण्याजोगा एकच प्लग असल्याचा अहवाल दिला. तो गीझरचा निघाला. मग लॅपटॉप न्हाणीघराच्या उंबऱ्यात स्टुलावर, मी आत पालथ्या बादलीवर, आणि ऑडिटर बाहेरून "आता दाबा!" असं ओरडतायत, असा प्रयोग झाला. त्यातच नेमक्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या. मला तसं बसलेलं बघून त्या दारातच थबकल्या. वाटी ठेवली आणि हलक्या पावलांनी गेल्या. त्यापेक्षा त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना स्मृतिदोषाचा संशय आला. यंत्राच्या पोटात स्मृतीची एक पट्टी असते आणि ती खोडरबराने घासली की तरतरी येते, असं त्यांनी ऐकलं होतं. आम्ही लॅपटॉप उघडला. पट्टी घासली. बायकोचं सर्वांत चांगलं खोडरबर त्यात संपलं. लॅपटॉप बंद केला तेव्हा एक स्क्रू जास्तीचा उरला. "शरीर अनावश्यक ते बाहेर टाकतं," डॉक्टर म्हणाले. मी बटण दाबलं. यंत्राला खरोखरच तरतरी आली असावी, कारण निळा पडदा आधीपेक्षा लवकर आला.

मग मी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. तिथे गारेगार हवा, काचेची टेबलं आणि भिंतीवर हसणाऱ्या माणसांची चित्रं होती. खिडकीपलीकडच्या बाईंनी लॅपटॉपचा क्रमांक घातला आणि म्हणाल्या, "हा तुमच्या नावावर नाही."

"वापरलेला घेतलाय."

"मग पहिल्या मालकांना घेऊन या."

"पहिले मालक आता डोंगरावर असतात," मी म्हणालो. मला चित्रातले गृहस्थ आठवले होते. बाईंनी सहानुभूतीने मान खाली घातली. "अरेरे. मग त्यांच्या वारसांचं संमतीपत्र लागेल." मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण मागच्या माणसाने तोवर आपली पिशवी पुढे सरकवली होती. आणि त्याला 'थांबा' म्हणणं मला प्रशस्त वाटेना. वर्षानुवर्षं मी पाण्याच्या जोडणीसाठी आलेल्या लोकांना "पहिल्या मालकाची सही आणा" असं सांगत आलोय. ते त्यानंतर काहीच न बोलता का उभे राहतात, ते मला त्या दिवशी कळलं.

गुरुवारी मी कमरेला पदर खोचावा तसा टॉवेल खोचला, सगळं पुन्हा पुसलं आणि सिस्टिम दुसऱ्यांदा घातली. आणि काय सांगू, लॅपटॉप चालला! चांगला दुपारभर चालला. बायकोने कॅमेरा लावून बघितला. पडद्यावर ती दिसली, तशी तिने पटकन केस मागे सारले आणि स्वतःशीच म्हणाली, "नमस्कार. हो, मला पूर्वीचा अनुभव आहे." मग अजून एकदा, जरा ठाम आवाजात. मी दाराआड उभा राहून ऐकत होतो. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

संध्याकाळी तिघेही चौकशीला आले. चालतोय हे बघून प्रत्येकाला आपलाच उपाय लागू पडल्याचा आनंद झाला. आणि प्रत्येकाने, मी आत चहा टाकत असताना, आपापला पहारेकरी मायेने पुन्हा आत बसवला.

शुक्रवार. घोडामैदान जवळ आलं होतं. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती, टेबलावर पाण्याचा पेला आणि टोक केलेली पेन्सिल ठेवली होती. मी बटण दाबलं. स्वागत. ठिपके. निळा पडदा. तो चेहरा.

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला आवडलं असतं. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली. मग पेन्सिल उचलून तिने डब्यात ठेवली आणि फोन हातात घेतला. "कळवून टाकते त्यांना," ती म्हणाली. "म्हणावं, नाही जमत मला. इतकी वर्षं नव्हतंच जमलं, त्यात काय."

"थांब," मी म्हणालो. "पाच मिनिटं थांब. मी आहे ना." या वेळी ते वाक्य म्हणताना माझा आवाज कापला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि फोन खाली ठेवला. मग चुकांचा कागद समोर आल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला. "मला एक सांगा. दोनदा हा चांगला चालला आणि दोनदा पडला. मधे काय झालं?"

"मधे काही नाही. मंडळी येऊन गेली."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"आणि येऊन काय केलं?"

मी सांगितलं. निळं कुलूप, हिरवं पान, लाल ढाल. ती ऐकत गेली आणि तिच्या भुवया वर वर जात राहिल्या. "म्हणजे एका दारावर तीन पहारेकरी, आणि एकाला दुसऱ्याची ओळख नाही! मग सकाळी उठल्याबरोबर ते चोर समजून एकमेकांच्याच नरड्याला धरणार नाहीत तर काय करतील? अहो, तीन तिगाडा काम बिघाडा!"

मी जागच्या जागी उडी मारली. खरोखर मारली. कळलं! रोग कळला! आणि त्याच झपाट्यात मला आठवलं, की आमच्या दुरुस्तीवाल्याने एकदा यंत्र 'सेफ मोड'मध्ये उठवलं होतं. म्हणजे फक्त जिवापुरतं उठवायचं, बाकी कुणाला जागं करायचं नाही. ते कसं करायचं हे मी त्याच्या खुर्चीमागे उभं राहून पाहिलं होतं. एवढी वर्षं म्हटलेलं 'अच्छा, अच्छा' फुकट गेलेलं नव्हतं! मी कळा दाबल्या आणि लॅपटॉप उठला. दिसायला जरा ओबडधोबड, पण पडला नाही.

आता पहारेकऱ्यांना हाकलायचं बाकी होतं. आणि नेमकी बेल वाजली. शुभेच्छा द्यायला तिघेही दारात उभे.

तिघे आत आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. पडद्यावर तीन चित्रं होती आणि माझा हात माऊसवर होता. माझ्या पाठीवर त्यांचे श्वास जाणवत होते.

"काय करताय?" ऑडिटरांनी विचारलं.

आपण काहीतरी थाप मारावी, त्यांना गॅलरीत चहाला बसवावं, असं मनात येऊन गेलं. मग मी बायकोकडे पाहिलं. तिने डब्यातली पेन्सिल परत काढून हातात धरली होती.

"काढतोय," मी म्हणालो. "तिन्ही."

"माझंसुद्धा?" हा तिघांचाही एकच प्रश्न होता.

"तुमचंसुद्धा."

मी लाल ढालीवर दाबलं. ती म्हणाली, खरंच काढायचं? काढलं तर तुमचं काही खरं नाही. मी 'हो' दाबलं. "भावोजी, साहेब लोक वापरतात हो ते!" मेहुणा कळवळला. मी हिरव्या पानावर दाबलं. त्याने विचारलं, आम्हाला का सोडून जाताय? आमचं काही चुकलं का? डॉक्टरांनी उसासा टाकला. मी डोळे मिटून 'हो' दाबलं. मग निळं कुलूप. त्याने पासवर्ड मागितला.

मी वळून ऑडिटरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"पासवर्ड," मी म्हणालो.

"असं कुणाच्याही सांगण्यावरून संरक्षण काढायचं नसतं," ते म्हणाले. "तो ठेवतोच आपण त्यासाठी. मी तुमच्या जागी असतो तर…"

"नको," मी म्हणालो.

माझा स्वतःचाच विश्वास बसेना. शब्द अगदी सहज निघाला होता, आणि मागून आणखी निघाले. "तुमचा सल्ला नको, साहेब. पासवर्ड हवाय. हिची मुलाखत आहे आणि मला आत्ता हवाय."

ऑडिटरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आयुष्यभर बरोबर येत आलेल्या हिशेबात अचानक फरक सापडावा. मग ते पुढे आले, स्वतः पासवर्ड घातला आणि कुलूप गळून पडलं. लॅपटॉप बंद केला, पुन्हा लावला. स्वागत. ठिपके. आणि साधा, स्वच्छ पडदा! कोपऱ्यात यंत्राचा स्वतःचा पहारेकरी उभा होता. तो पहिल्यापासून तिथेच होता म्हणे. आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

बायकोने आम्हा चौघांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही पॅसेजमध्ये चपलांच्या मांडणीशी दाटीवाटीने उभे राहिलो. मग आतून तिचा आवाज आला. "नमस्कार." आणि पुढे ती बोलायला लागली. "दुसऱ्या परिच्छेदात आकृतीचा क्रमांक चुकलाय. आणि खालच्या उदाहरणातलं उत्तर वरच्या गणिताशी जुळत नाही." समोरचा माणूस काहीतरी म्हणाला, त्यावर ती हसली, आणि पुढच्याच वाक्यात तिने त्याला चक्क खोडून काढलं. न अडखळता, न रागावता. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. मला एकदम भरून आलं. मेहुण्याने माझा दंड घट्ट धरला होता, डॉक्टरांनी डोळे मिटले होते, आणि ऑडिटर दाराला कान लावून प्रत्येक चुकीला "बरोबर" अशी मान हलवत होते.

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी होती.

"घेतलं," ती म्हणाली. "सोमवारपासून."

मग जो काही कल्लोळ झाला तो विचारू नका! मी ओरडलो, मेहुणा नाचला, डॉक्टरांनी चपलांवर पाय देऊन ऑडिटरांना मिठी मारली. वरच्या गॅलरीतून पुन्हा काहीतरी विचारणा झाली, पण आता उत्तर द्यायला कुणाला फुरसत नव्हती.

"म्हणजे ताई, आता रोज इथेच बसून काम!" मेहुण्याच्या डोळ्यांत चमक आली. "मी तुला मोठा स्क्रीन लावून देतो."

"त्याआधी विजेची लाइन बदलून घ्या," ऑडिटर म्हणाले. "उभं राहून मी करून घेतो."

"आणि बसण्याची पद्धत," डॉक्टर म्हणाले. "वहिनी, तुमच्या मानेचं मी बघतो."

"ते म्हणालेच, की घरून केलं तरी चालेल," बायको म्हणाली. "मी म्हटलं, नको. मी रोज ऑफिसात येईन."

तिघे चपापले. "का हो, वहिनी?" डॉक्टरांनी विचारलं. "लांब पडेल तुम्हाला."

"पडू दे," ती म्हणाली. "तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही."

आणि मी तिघांच्या देखत, कुणाला काय वाटेल याचा विचार न करता, पोट धरून हसलो.